थाई जोडीदाराशी घटस्फोट घेताना घर, जमीन आणि कॉन्डो: काय तुमचं, काय नाही

थायलंडमध्ये थाई माणसाशी लग्न करून राहिलेल्या आणि आता वेगळं होण्याच्या वाटेवर असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मी स्वतः यातून गेलो आहे. त्या काळात दहा जणांनी दहा गोष्टी सांगितल्या आणि त्यातल्या निम्म्या चुकीच्या निघाल्या. मी 'बायको' असा शब्द वापरतो, कारण माझ्या ओळखीतली बहुतेक प्रकरणं तशीच आहेत. नवरा थाई असेल तरी नियम हेच. २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर झाले, त्या जोडप्यांनाही हेच लागू.

सुरुवातीलाच सांगतो, जमिनीच्या मागे लागू नका. परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही आणि घटस्फोटानेही होणार नाही. तुम्ही मागायचे आहेत ते पैसे, आणि भूमी कार्यालयात नोंदवलेला राहण्याचा हक्क. हे दोन्ही सही करण्याआधी ठरवायचं असतं. सही झाल्यावर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

## १. कायद्याने लग्न झालंय का, ते आधी पाहा

थाई कायद्यात लग्न होतं ते नोंदणीने. गावात भिक्षूंनी मंत्र म्हटले, मनगटाला दोरे बांधले, तीनशे माणसं जेवली, पण आम्फोत, म्हणजे तालुका कार्यालयात (बँकॉकमध्ये त्याला खेत म्हणतात) नोंद झाली नाही, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही नवराबायको नाही. मग घटस्फोटाचा प्रश्नच नाही आणि वैवाहिक मालमत्तेच्या वाटणीचाही नाही. दोघांनी मिळून घेतलेल्या वस्तूवर सहमालक म्हणून दावा करता येतो, पण तो वेगळा रस्ता आहे आणि पुराव्याचं सगळं ओझं तुमच्यावर.

नोंदणी झाली असेल तर तुमच्याकडे लग्नाचं प्रमाणपत्र (खो रो ३) असेल. नोंदवहीचा उतारा (खो रो २) आम्फोतून मिळतो. लग्नाआधी मालमत्तेचा करार केला असेल तर त्याचा उल्लेख त्या नोंदीत आहे का ते पाहा. लग्नपूर्व करार लग्नाच्या नोंदणीच्या वेळीच नोंदवलेला किंवा नोंदीला जोडलेला नसेल, तर तो तिथे चालत नाही. लग्नानंतर वकिलाकडे जाऊन केलेला सुंदर छापील करार त्याची जागा घेऊ शकत नाही.

आणि हो, लग्नाच्या वेळी सासूसासऱ्यांना दिलेलं सिन सोत (वधूमूल्य) विसरा. ते आईवडिलांचं होतं. लग्न झालं की परत मागायचा विषय संपतो.

## २. मालमत्तेचे दोन ढीग करा

थाई नागरी व व्यापारी संहितेत नवराबायकोच्या मालमत्तेचे दोन प्रकार आहेत.

सिन सुअन तुआ, म्हणजे वैयक्तिक: लग्नाआधी ज्याचं जे होतं ते, अंगावरचे कपडे-दागिने (ऐपतीला शोभतील इतके), कामाची हत्यारं, आणि लग्नानंतर वारसाहक्काने किंवा बक्षीस म्हणून मिळालेलं.

सिन सोमरोत, म्हणजे वैवाहिक: लग्नानंतर कमावलेलं जवळजवळ सगळं. नाव कोणाचं आहे याला फारसा अर्थ नाही. तुमच्या पगारातून साठलेली शिल्लक, तिच्या नावावरची गाडी, तुमच्या नावावरची मोटरसायकल, सगळं यात. एखादी वस्तू कोणत्या ढिगात टाकायची याबद्दल शंका असेल तर कायदा ती वैवाहिक धरतो. घटस्फोटात या ढिगाचे दोन सारखे भाग होतात. दोघांनी मिळून केलेलं कर्जही निम्मं-निम्मं.

दोन बारकावे बहुतेकांना माहीत नसतात.

एक: वैयक्तिक मालमत्ता विकून दुसरी घेतली तर ती दुसरीही वैयक्तिकच राहते. पुण्यातला लग्नाआधीचा फ्लॅट विकलात आणि त्या पैशातून पट्टायाला कॉन्डो घेतलात, तर कॉन्डो तुमचा. फक्त त्या पैशाची वाट कागदावर सलग दिसली पाहिजे: विक्रीखत, भारतातलं खातं, थाई बँकेत आलेली रक्कम, बिल्डरला गेलेली रक्कम. मध्येच तो पैसा घरखर्चाच्या खात्यात मिसळला असेल तर कोणता रुपया कुठला हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

दोन: वैयक्तिक मालमत्तेचं उत्पन्न मात्र वैवाहिक. तो कॉन्डो तुमचाच, पण लग्नाच्या काळात त्याचं आलेलं भाडं दोघांचं. पुण्याचा फ्लॅट न विकता भाड्याने ठेवला असेल तर त्याच्या भाड्याचा मुद्दाही समोरचा वकील काढू शकतो.

## ३. जमीन: भूमी कार्यालयातलं ते पत्र

परदेशी माणसाच्या थाई जोडीदाराने जमीन घेतली की भूमी कार्यालय दोघांची सही असलेलं एक पत्र मागतं. त्यात लिहिलेलं असतं की जमिनीचे सगळे पैसे थाई जोडीदाराचे वैयक्तिक आहेत, परदेशी जोडीदाराचा त्यात वाटा नाही. पैसे कोणाच्या खात्यातून गेले होते हे कॅशियर चेकवर स्पष्ट दिसत असलं तरी हे पत्र घेतात. थाईमध्ये असतं, काउंटरवर गर्दी असते, बायको म्हणते 'नेहमीचाच कागद आहे', आणि माणूस सही करतो.

त्या सहीनंतर ती जमीन तिची वैयक्तिक. 'हे पत्र आपण न्यायालयात पाडू' असं सांगणारे वकील भेटतील. त्यांना एकच विचारा: मी सरकारी अधिकाऱ्यासमोर खोटं लिहून दिलं असं मला कबूल करावं लागेल का? खोटी माहिती देणं हा थाई दंडसंहितेत गुन्हा आहे. आणि समजा जिंकलात, तरी जमीन तुमच्या नावावर होणार नाही. भूमी कायद्याखाली जी जमीन परदेशी माणसाला ठेवता येत नाही ती ठरलेल्या मुदतीत विकावी लागते, आणि ही मुदत १८० दिवसांपेक्षा कमी नाही, एका वर्षापेक्षा जास्त नाही.

कंपनीच्या नावावर जमीन घेऊन बायकोला आणि तिच्या भावंडांना ५१ टक्क्यांचे नामधारी भागीदार केलं असेल, तर हा विषय न्यायालयात काढण्यापूर्वी फार विचार करा. परदेशी माणसासाठी नामधारी मालक होणं आणि करवणं दोन्ही बेकायदेशीर आहे. भांडण पेटलं की समोरची बाजू पहिल्यांदा हेच काढते.

पत्राची प्रत तुमच्याकडे नसेल तर भूमी कार्यालयातून मागवा आणि थाई वाचणाऱ्या माणसाकडून नीट वाचून घ्या. त्यात फक्त जमीन लिहिली आहे की तिच्यावरची इमारतही, हे पाहायचं आहे. पुढचा मुद्दा त्यावरच अवलंबून आहे.

## ४. घर जमिनीपासून वेगळं असतं

आपल्याकडे जमीन आणि घर एकच समजायची सवय आहे. तिथे परदेशी माणूस जमिनीचा मालक होऊ शकत नाही, पण जमिनीवरच्या इमारतीचा होऊ शकतो. म्हणून बांधकाम परवाना कोणाच्या नावावर आहे, ठेकेदाराशी करार कोणी केला, हप्ते कोणाच्या खात्यातून गेले, हे कागद सोन्यासारखे जपा.

परवाना तुमच्या नावावर आणि जमिनीवर तुमच्या नावाने सुपरफिसीज (सिट्थी नुआ फुन दिन, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर इमारत बाळगण्याचा हक्क) नोंदलेला असेल तर तुमची बाजू चांगली. लग्नाच्या काळात, दोघांच्या कमाईतून बांधलेलं घर असेल तर निदान निम्म्या किमतीवर बोलता येतं. बिल्डरकडून जमिनीसकट तयार घर घेतलं असेल तर मात्र अवघड.

व्यवहारात काय होतं? जमिनीशिवाय नुसतं घर कोण विकत घेणार? म्हणून ताठ न राहता किंमत ठरवा आणि ती रोखीत घ्या. वीट, लोखंड आणि कौलं उचलून नेण्याचा हक्क कागदावर शोभतो, बाकी काही नाही.

इथे एक फार पसरलेला गैरसमज आहे. तबियन बान, म्हणजे घराची नोंदवही, ही मालकीची कागदपत्रं नव्हेत. थाई लोकांची निळी, परदेशी लोकांची पिवळी. पिवळ्या वहीत तुमचं नाव आहे याचा अर्थ तुमचा पत्ता तिथे नोंदलेला आहे, एवढाच. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ शेवटपर्यंत ती पिवळी वही घेऊन मालकी सिद्ध करायला निघाले होते.

## ५. राहण्याचा हक्क: चनोतच्या मागची बाजू वाचा

चनोत म्हणजे जमिनीचा पक्का मालकीपत्र. समोर नकाशा आणि मालक, मागे नोंदींची यादी. आपल्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यासारखं ते मागचं पान तुमचं भवितव्य सांगतं. त्यात तुमच्या नावाने यापैकी काही आहे का पाहा:

- सिट्थी केप किन (उपभोगाचा हक्क): जमीन वापरायची, राहायचं, भाड्यानेही द्यायची. तहहयात किंवा जास्तीत जास्त ३० वर्षं.
- सिट्थी आसाय: फक्त राहण्याचा हक्क.
- सुपरफिसीज: वर आलं तेच.
- नोंदवलेला भाडेपट्टा: ३० वर्षांपर्यंत. ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवला नसेल तर तो ३ वर्षांपुरताच चालतो.

हे हक्क नोंदलेले असले की जमीन उद्या तिसऱ्याला विकली तरी तुमचा हक्क तिच्याबरोबर जातो. ऐकायला छान वाटतं. पण संहितेचं कलम १४६९ इथे आडवं येतं. नवराबायकोने लग्नाच्या काळात एकमेकांशी केलेला मालमत्तेचा करार दोघांपैकी कोणीही रद्द करू शकतं, लग्न चालू असताना कधीही, आणि लग्न संपल्यापासून एका वर्षाच्या आत. बायकोने लग्नानंतर तुम्हाला दिलेला तहहयात हक्क या कलमाखाली येतो. पुष्कळ लोक त्या एका कागदावर निर्धास्त बसलेले असतात, आणि घटस्फोटाची नोटीस आली की हे कलम कळतं.

म्हणून हक्क कोणी आणि कधी दिला हे महत्त्वाचं. लग्नाआधी दिलेला, किंवा सासऱ्यांनी त्यांच्या जमिनीवर दिलेला असेल तर १४६९ लागत नाही. बायकोने लग्नात दिलेला असेल तर घटस्फोटाच्या बोलणीत मागणी ठेवा की घटस्फोट नोंदल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, भूमी कार्यालयात नवा हक्क किंवा नवा पट्टा नोंदवायचा. तेव्हा तुम्ही नवराबायको नसता, त्यामुळे तो करार या कलमात बसत नाही.

मुलं असतील तर आणखी एक चांगला मार्ग आहे. थाई नागरिकत्व असलेल्या मुलाच्या नावावर जमीन होऊ शकते. मूल वीस वर्षांचं होईपर्यंत न्यायालयाच्या परवानगीशिवाय ती विकता किंवा गहाण टाकता येत नाही. दोघंही संशयी असतील तर यावर बहुधा एकमत होतं. फक्त क्रम सांभाळा: आधी तुमचा हक्क नोंदवा, मग जमीन मुलाच्या नावावर करा. उलटं केलंत तर तुमचा हक्क नोंदवायलाही न्यायालयात जावं लागेल.

आणि काहीच नोंदलेलं नसेल तर? घटस्फोटानंतर तिने 'निघा' म्हटलं की निघावं लागेल. हट्टाने बसलात तर अतिक्रमणाची फौजदारी तक्रार होऊ शकते. भाड्याची खोली आधीच पाहून ठेवा.

## ६. कॉन्डो

इथे तुमचं नाव मालक म्हणून लागू शकतं. इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी मालकी चालते, आणि पैसे परदेशी चलनात आलेले असावे लागतात.

कडू भाग असा की लग्नानंतर कमाईतून घेतलेला कॉन्डो, नाव फक्त तुमचं असलं तरी, वैवाहिक मालमत्ता आहे. म्हणजे तुमच्या पैशाने घेतलेली जमीन पत्रामुळे पूर्ण तिची, आणि तुमच्या नावावरचा कॉन्डो मात्र निम्मा तिचा. अन्याय वाटतो, वाटू द्या. बोलणीला बसताना मात्र हा हिशोब डोक्यात ठेवून बसा. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर ठेवल्या तर तुमच्याकडे काहीतरी देवाणघेवाणीचं राहतं.

विक्रीचे पैसे बाहेर न्यायचे तर ते आत आल्याचा पुरावा लागेल. मोठ्या रकमेसाठी थाई बँक परकीय चलन व्यवहाराचा फॉर्म देते, लहान रकमेसाठी पत्र. भारतातून पैसे पाठवताना भारतातच बाट (थाई चलन) करून पाठवले असतील तर हा फॉर्म मिळत नाही. डॉलरमध्ये पाठवायचे आणि बाट थायलंडमध्ये करायचे.

## ७. कागद गोळा करा, भांडण व्हायच्या आधी

घरातली फाइल तुमच्या हाताशी आहे तोवरच हे सोपं असतं.

- पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती
- खो रो २ आणि खो रो ३, लग्नपूर्व करार असल्यास
- चनोतची पुढची आणि मागची बाजू
- कॉन्डोचं मालकीपत्र (ओ चो २)
- परकीय चलनाचे फॉर्म किंवा बँकेची पत्रं
- भूमी कार्यालयातलं 'पैसे बायकोचे' असं पत्र
- बांधकाम परवाना, ठेकेदाराचा करार, पावत्या, बँक स्लिपा
- निळी आणि पिवळी तबियन बान
- गाडी, मोटरसायकलचे कागद, कर्जाचे करार
- भारतातलं विक्रीखत, बँक उतारे, परदेशी पैसे पाठवताना भरलेला ए २ फॉर्म

तारखा थाई सालात असतात. २५६० म्हणजे २०१७. ५४३ वजा करा. लग्नाआधी की नंतर हे ठरवताना या वजाबाकीत गडबड झालेली मी पाहिली आहे.

## ८. मधल्या काळात काही विकलं जाऊ नये

वैवाहिक स्थावर मालमत्ता विकायला, गहाण टाकायला किंवा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायला दोघांची संमती लागते. संमतीशिवाय झालेला व्यवहार न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. कळल्यापासून एका वर्षात जा. तो पैसा कोणी उडवला असेल तर वाटणीत ती मालमत्ता अजून आहे असंच धरतात.

भूमी कार्यालयात 'आयात' नावाची तात्पुरती रोख लावता येते, ती ३० दिवस टिकते. तेवढ्यात दावा दाखल झाला पाहिजे. जिथे तुमचा नोंदणीयोग्य हक्क आहे तिथेच ती मिळते, त्यामुळे पत्र दिलेल्या जमिनीवर फार आशा ठेवू नका.

आणि कोरं मुखत्यारपत्र कधीही देऊ नका. भूमी कार्यालयाचा ठरलेला फॉर्म असतो, जमिनीला थो दो २१, कॉन्डोला ओ चो २१. 'बाकी मी भरते, तू फक्त सही कर' असं म्हणून कॉन्डो गेलेले आहेत.

## ९. आम्फो की न्यायालय

दोघं राजी असाल आणि लग्न थायलंडमध्ये नोंदलेलं असेल तर आम्फोत घटस्फोट होतो. दोघांनी स्वतः हजर राहायचं, दोन साक्षीदार, लेखी करार, पासपोर्ट, तिचं ओळखपत्र, तबियन बान, लग्नाची प्रमाणपत्रं. थाई येत नसेल तर दुभाषा लागेल; आधी फोन करून विचारा, प्रत्येक कार्यालयाची पद्धत वेगळी. सगळे कागद बरोबर असले तर सकाळी जाऊन दुपारपर्यंत खो रो ७, म्हणजे घटस्फोटाचं प्रमाणपत्र, हातात येतं.

हा वेगच धोक्याचा. अधिकारी विचारतो, मालमत्तेबद्दल काही नोंदवायचं आहे का? बायको थाईमध्ये उत्तर देते, 'नाही'. तुम्ही मान हलवता. मग तेच नोंदवहीत. टेबलावर बसण्यापूर्वी करार तयार, भाषांतरित आणि सही केलेला हवा, आणि तो नोंदीला जोडला जातोय हे डोळ्यांनी पाहा.

राजी नसाल तर बाल व कौटुंबिक न्यायालय. तिथे कारण लागतं: व्यभिचार, वर्षाहून जास्त काळ सोडून जाणं, स्वेच्छेने ३ वर्षांहून जास्त वेगळं राहणं वगैरे. न्यायालय आधी समेटाचा प्रयत्न करतं, आणि बरीच प्रकरणं तिथेच तडजोडीवर मिटतात. हे तुमच्या फायद्याचं आहे. आम्फोतला करार तिने पाळला नाही तर त्यावर नव्याने दावा लावावा लागतो, पण न्यायालयात नोंदलेली तडजोड म्हणजे निकालच, त्याची थेट अंमलबजावणी होते. रक्कम मोठी असेल तर मी न्यायालयातल्या तडजोडीच्या बाजूचा आहे, वेळ लागला तरी.

वकील थाईच लागतो. परदेशी माणसाला तिथे न्यायालयात वकिली करता येत नाही. 'कायदा सल्लागार' अशी पाटी लावलेल्या परदेशी गृहस्थाला पैसे देण्यापूर्वी उभं कोण राहणार ते विचारा. तुमचा आणि बायकोचा वकील एकच नको, ती कितीही चांगली वागत असली तरी.

## १०. पैसे आणि सही एकाच वेळी

करारात प्रत्येक मालमत्ता चनोत क्रमांकासकट लिहा. कोण कोणाला किती देणार, कोणत्या तारखेला. 'घर विकल्यावर निम्मे' असं वाक्य लिहू नका, कारण घर कधी विकायचं ते ती ठरवणार. तारीख आणि किमान किंमत घाला.

पैसे कॅशियर चेकने, भूमी कार्यालयाच्या काउंटरवर, हस्तांतराच्या सहीच्या क्षणी. गृहकर्जात तुमची सही असेल तर घटस्फोटाने ती पुसली जात नाही. बँकेकडून लेखी सुटका झाल्याशिवाय पैसे वाटू नका.

## ११. व्हिसा

लग्नावर मिळालेली मुदतवाढ घटस्फोटाबरोबर संपते. म्हणून आम्फोची तारीख ठरवण्याआधी पुढचा आधार ठरवा: नोकरी असेल तर वर्क परमिट, थाई मूल असेल तर पालक म्हणून, वय ५० च्या पुढे असेल तर निवृत्ती (बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार उत्पन्न, लग्नाच्या मुदतवाढीला हे ४ लाख किंवा ४० हजार होतं). नव्या जागेत गेलात की घरमालकाला टीएम ३० (परदेशी माणूस कुठे राहतो ते इमिग्रेशनला कळवण्याचा फॉर्म) भरायला सांगा.

## १२. भारताकडची बाजू

भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ परदेशी न्यायालयाच्या निकालाबद्दल बोलतं. आम्फोचं प्रमाणपत्र हा न्यायालयाचा निकाल नाही. लग्न भारतातही नोंदलेलं असेल, किंवा पुन्हा लग्न करायचा विचार असेल, तर सही करण्यापूर्वी मुंबई-पुण्यातल्या कौटुंबिक वकिलाला विचारा. थाई कागद भारतात वापरायचे तर भाषांतर करून बँकॉकच्या चेंग वत्तना रोडवरच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या वाणिज्यदूत विभागातून प्रमाणित करून घ्यावे लागतात.

बायकोकडे तुमच्यामुळे मिळालेलं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असेल तर घटस्फोटानंतर ते रद्द होऊ शकतं. बोलणीत तिला हे माहीत असणं बरं. तुमचं मृत्युपत्र, बँकेतली नॉमिनी नावं, विम्याचे कागद दोन्ही देशांत बदला. घटस्फोट नोंदला की ती कायदेशीर वारस राहत नाही, पण मृत्युपत्रात नाव लिहिलेलं असेल तर ते आपोआप पुसलं जाईल असं धरून चालू नका.